गॅलिपोलीचा किनारा

पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सची सामुद्रधुनी ओलांडून तुर्कांची राजधानी इस्तंबूल गाठावी, असा इंग्रज व फ्रेंच यांचा बेत होता. आरमाराला ते साधले नाही, तेव्हा २५ एप्रिल १९१५ रोजी पहाटे गॅलिपोली द्वीपकल्पावर पायदळ उतरविण्यात आले. नकाशावर हा बेत किती सोपा दिसला असेल!

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील तरुण होड्यांतून उतरले, तो समोर उभे कडे आणि वर, मायभूमी राखणाऱ्या तुर्की सैनिकांच्या बंदुका. उतारावर चर खणून ते तेथेच चिकटून राहिले. उन्हाळ्यात घासाबरोबर माशा तोंडात जात. हगवणीने धडधाकट गडी खंगले. पिण्याचे पाणीसुद्धा जहाजांतून येई, आणि आपल्या देशातील खेचरवाले अंधारात ते वर पोचवीत. २४ मे रोजी प्रेते पुरण्यासाठी काही तास युद्ध थांबले. शत्रूंनी एकमेकांना सिगारेटी दिल्या. सायंकाळी पुन्हा गोळ्या सुरू झाल्या.

डिसेंबरात माघारीचा हुकूम आला. सैनिकांनी एक युक्ती योजिली. वरच्या डब्यातील पाणी थेंबथेंब खालच्या डब्यात पडे. तो जड झाला की दोरीने बंदुकीचा चाप ओढला जाई. पायांना गोणपाट गुंडाळून माणसे रात्री निसटली. मात्र जाण्यापूर्वी कित्येकांनी आपल्या सोबत्यांच्या कबरी नीटनेटक्या केल्या. २० डिसेंबरच्या पहाटे चर रिकामे होते, आणि बंदुका अजून वाजत होत्या.