पावसाळी रानातील पादत्राण

कोकणपट्टीत व सह्याद्रीच्या पायथ्याशी ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत शेतकऱ्याचे पाय क्वचितच कोरडे राहतात. डोक्यावर इरले घेण्यास आपण विसरत नाही. पायांविषयी मात्र उदासीन असतो. वस्तुतः ओल्या रानात धोका पायांकडूनच अधिक. चिखलातील अंकुशकृमी अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगा व जखमांवाटे प्रवेश करतात. फुरसे, घोणस यांचे दंशही बहुधा पावलास वा घोट्याजवळच होतात.

यावर जाड, पाणी न शिरणारा बूट हाच उपाय, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. मुसळधार पावसात पाणी बुटाच्या तोंडातून आत येतेच; न आले तरी घाम साचतो. मग कातडी पांढरी पडून सोलते व बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. हा अनुभव जंगलात लढणाऱ्या सैन्यांसही आला. अमेरिकन सैन्याने १९४२ च्या सुमारास कॅनव्हास व रबर यांचे जंगली बूट काढले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात खाली चामडे, वर कापड व तळाजवळ पाणी निघून जाण्यास बारीक छिद्रे असलेले बूट वापरात आले. आत शिरलेले पाणी त्वरित बाहेर जावे व बूट लवकर सुकावा, हे त्यातील तत्त्व होय.

तथापि छिद्रांतून पाणी आतही येते. म्हणून प्रथम काम पाहावे, मग बूट निवडावा. साचलेल्या पाण्याच्या खाचरात गुडघ्यापर्यंतचा गमबूटच योग्य. तो सैल असल्यास चिखलात रुतून बसतो. म्हणून पोटरीशी बेताचा असावा. विश्रांतीच्या वेळी काढून पाय पुसावेत. जेथे खोल चिखलामुळे तो चालतच नाही, तेथे जखमा पाणी न शिरेल अशा पट्टीने झाकाव्या, काम संपताच पाय साबणाने धुवावेत व ताप आल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.

रानातून, बागेतून व डोंगरउतारावर हिंडण्यास मात्र घोट्यावर येणारा, छिद्रांचा कापडी बूट उत्तम. तळाच्या खाचा खोल व रुंद असाव्यात, म्हणजे चिखल आपोआप गळून पडतो. आत स्पंजाचे अस्तर नसावे. ते पाणी धरून ठेवते. माप सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असता, मोजे घालूनच पाहावे. टाच वर उचलू नये व उतरताना बोटे पुढे आदळू नयेत. सुती मोजे ओले राहतात. त्यापेक्षा लोकरीचे बरे.

घरी आल्यावर बूट धुऊन, आत जुने वर्तमानपत्र कोंबून वाऱ्यावर ठेवावेत. चुलीला टेकवू नयेत; आचेने चामडे कडक होते व तळ सुटतो. सकाळी झटकल्यावाचून पाय घालू नये. विंचवास असा आडोसा आवडतो.

शेवटी एक गोष्ट जमीनधारक वाचकांस आग्रहाने सांगावीशी वाटते. खाचरात सर्वाधिक वेळ उभे राहतात ते गडी व लावणीच्या बायका. मालक बांधावर बूट घालून उभा आणि मजूर दूषित पाण्यात अनवाणी, हे शोभत नाही व परवडतही नाही. बी-खतांच्या खर्चाबरोबरच त्यांच्या बुटांची तरतूद करावी, आणि बायकांच्या मापाचे जोड मुद्दाम मागवावेत. ऐन लावणीत अंथरुणास खिळलेला माणूस कोणत्याही बुटापेक्षा महाग पडतो.