वापरलेला संगणक आणि प्रणालीचा परवाना

शाळा वा ग्रामपंचायत वापरलेला संगणक खरेदी करते, तेव्हा यंत्राची पावती मिळते; त्यातील ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना मिळतोच असे नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली समाविष्ट झालेल्या तरतुदीनुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा प्रतीतून विषाणू शिरून दाखल्यांच्या नोंदी वा निकालपत्रके नष्ट होण्याचा धोका असतो. पडद्यावरील ‘ॲक्टिव्हेटेड’ या शेऱ्यावर न विसंबता विक्रेत्याकडून परवान्याचा पुरावा घ्यावा. तो नसल्यास आवश्यक कागदपत्रे अन्यत्र उतरवून डिस्क पूर्णपणे पुसावी आणि अधिकृत प्रत अथवा सी-डॅकने विकसित केलेली, मराठीची सोय असणारी ‘बॉस’ ही विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवावी.