फुटबॉलचा संघ आणि स्टेडियमचं कर्ज

सुरुवातीलाच कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. मराठीत पत्र सोडलं तर काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही आजीलाच. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

विषय सुचला तो आत्तेबहिणीमुळे. ती अमेरिकेत एम.एस. करते. तिच्या फीच्या बिलात लॅब, लायब्ररी, बस यांच्याबरोबर एक ओळ होती, खेळांची फी. ती फोनवर म्हणाली, "अरे, मी एकही मॅच बघितली नाही, मला नियमसुद्धा कळत नाहीत, आणि पैसे मात्र दर सेमिस्टरला!" आमच्या विंगमध्ये यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. निम्मे म्हणाले, कॉलेजला टीम हवीच. निम्मे म्हणाले, त्या पैशात मेसचं तूप येईल. मग मी ठरवलं, जरा अभ्यास करून लिहू या.

आधी एक खुलासा. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्याला ते सॉकर म्हणतात. त्यांच्या फुटबॉलचा चेंडू लांबट, खेळाडू हेल्मेट घातलेले, आणि खेळ मुख्यतः हाताने. विद्यापीठांच्या संघांना तिथे आपल्या रणजीपेक्षा कितीतरी जास्त गर्दी होते. म्हणून अनेक विद्यापीठांना वाटतं, आपणही संघ काढावा आणि स्टेडियम बांधावं.

एकाच घरातली दोन भावंडं

टेक्सास राज्यातली दोन सरकारी विद्यापीठं घेऊ. दोन्ही एकाच टेक्सास विद्यापीठ समूहातली. एक आर्लिंग्टनचं, दुसरं सॅन अँटोनिओचं. आर्लिंग्टन हे नाव आपल्या सीनियर्सना ओळखीचं आहे, कारण एम.एस.ला तिथे जाणारी भारतीय मुलं बरीच.

आर्लिंग्टनचा फुटबॉल संघ जुना होता. काही वर्षं तो दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला. मग 1980 मध्ये विद्यापीठाने मॅव्हरिक स्टेडियम उघडलं, साधारण बारा हजार जागांचं. आता गर्दी होणार, पैसा येणार अशी आशा होती. पण 1985 चा सीझन संपताच विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. कारण सरळ होतं. प्रेक्षक कमी, आणि तोटा वर्षाला जवळपास दहा लाख डॉलर. हा निर्णय घेणारे अध्यक्ष वेंडेल नेडरमन हे स्वतः इंजिनिअर, तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे पहिले डीन. आज तिथल्या इंजिनिअरिंगच्या इमारतीला त्यांचंच नाव आहे.

म्हणजे स्टेडियम आलं आणि पाच-सहा वर्षांत संघ गेला. पण काँक्रीट कुठे जातं? ते तिथेच उभं आहे. तिथे धावण्याच्या स्पर्धा होतात, शाळांचे सामने होतात. 2004 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मतदान करून फुटबॉलसाठी जादा फी द्यायलाही होकार दिला, तरी विद्यापीठाने संघ पुन्हा सुरू केला नाही. संघ नाही म्हणून कॉलेज ओस पडलं का? मुळीच नाही. तिथे आज चाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात.

आता सॅन अँटोनिओ. तिथे फुटबॉल नव्हताच. 2007 मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून खेळांची फी वाढवायला परवानगी दिली. पण विद्यापीठाने स्टेडियम बांधलं नाही. शहराचं अलामोडोम नावाचं 65,000 जागांचं मोठं बंदिस्त स्टेडियम 1993 पासून उभं होतंच. ते कॅम्पसपासून लांब, पण तयार. संघ तिथे खेळू लागला. 2011 च्या सप्टेंबरात पहिला सामना झाला तेव्हा 56,743 प्रेक्षक आले. 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोन वर्षं संघाने आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं.

वाद घालताना आम्ही सगळे एक चूक करत होतो, ती इथे लक्षात आली. संघ काढावा का हा एक प्रश्न. स्टेडियम बांधावं का हा वेगळा प्रश्न. आपण दोन्ही एकाच पेपरात सोडवतो आणि मार्क जातात.

थोडं गणित, घाबरू नका

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये आपण कॅपिटल रिकव्हरी फॅक्टर शिकतो, आणि परीक्षेनंतर विसरतो. तो इथे वापरू. समजा, एका विद्यापीठाने स्टेडियमसाठी 10 कोटी डॉलर कर्ज काढलं, व्याज 5 टक्के, मुदत 30 वर्षं. हे आकडे मी गृहीत धरलेत, पण अमेरिकेत याच्या दुप्पट खर्चाची स्टेडियम झालेली आहेत.

फॅक्टर येतो 0.065. म्हणजे वर्षाचा हप्ता 65 लाख डॉलर. तीस वर्षांत एकूण 19.5 कोटी, म्हणजे घेतले त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आता घरच्या मैदानावर वर्षाला सामने किती? साधारण सहा. म्हणजे दर सामन्यामागे नुसता हप्ता जवळपास 10.8 लाख डॉलर. स्टेडियम 20,000 जागांचं असेल आणि प्रत्येक सामना हाऊसफुल्ल गेला, तरी एका तिकिटातले 54 डॉलर फक्त बँकेत जाणार. कोच, प्रवास, डॉक्टर, वीज, गवत हे सगळं वेगळं. आणि हाऊसफुल्ल नाही गेला तर? तर फी आहेच! 30,000 विद्यार्थी असतील तर डोक्यामागे वर्षाला 217 डॉलर. आजच्या भावाने अठरा हजारांहून जास्त रुपये.

शिवाय संघाचा स्वतःचा खर्च वाढतच चालला आहे. 1972 च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलामुलींना खेळाची समान संधी द्यावी लागते. फुटबॉलच्या संघात शंभरेक मुलगे येतात, म्हणजे मुलींच्या खेळांसाठीही तशी तरतूद हवी. ते योग्यच आहे, पण ते आधी हिशेबात धरायला पाहिजे. 2025 मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर मोठ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षासाठी सुमारे 2 कोटी डॉलरपर्यंत. तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या 2019 च्या आकड्यांत, सगळ्यांत वरच्या श्रेणीतल्या एकशेतीस विद्यापीठांपैकी फक्त पंचवीसच्या क्रीडा विभागांनी खर्चापेक्षा जास्त कमावलं होतं. बाकीचे कॉलेजच्या तिजोरीकडे हात पसरून उभे.

मग नाव कशाने होतं?

संघाच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. आमच्या विंगमधला एक जण म्हणाला, "अरे, सगळं पैशात मोजायचं का? शनिवारी वीस हजार लोक एका रंगाचे शर्ट घालून ओरडतात, त्याची किंमत काय?" बरोबर आहे. गॅदरिंगच्या रात्री आपल्यालाही कॉलेज आपलं वाटतं, सबमिशनच्या दिवशी नाही वाटत. माजी विद्यार्थी परत येतात, देणग्या देतात, शहराला अभिमान वाटतो. हे सगळं खरं.

पण त्यासाठी शिकागो विद्यापीठाची गोष्ट ऐका. एके काळी तिथला संघ देशात गाजलेला. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी 1935 मध्ये पहिल्यांदा दिली गेली, ती तिथल्याच जे बरवँगरला. चारच वर्षांनी, 1939 मध्ये, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी संघ बंद केला. स्टॅग फील्ड हे भलंमोठं स्टेडियम रिकामं राहिलं. पुढे 2 डिसेंबर 1942 ला त्याच स्टेडियमच्या स्टँडखालच्या एका कोर्टवर एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित आण्विक साखळी प्रक्रिया घडवली! आज त्या जागेवर लायब्ररी आहे. फुटबॉल 1969 मध्ये परत आला, पण छोट्या स्वरूपात, क्रीडा शिष्यवृत्त्यांशिवाय. विद्यापीठाचं नाव मधल्या काळात कमी झालं असं कोणीच म्हणणार नाही.

माझं मत

मी संघाच्या विरुद्ध नाही. विद्यार्थ्यांना हवा असेल तर जरूर काढा. माझा आक्षेप आहे तो मतदानाच्या पद्धतीवर. आज मत देणारा विद्यार्थी चार वर्षांत पास होऊन जातो. कर्ज तीस वर्षांचं. त्या कर्जाचे शेवटचे हप्ते जो भरणार आहे, त्याचा अजून जन्मही झालेला नाही. त्याला कोणी विचारलं? आमच्या मजल्यावर एका बॅचने टीव्हीची वर्गणी ठरवली आणि पुढच्या तीन बॅचेस ती भरत बसल्या, त्यातलीच ही गोष्ट. फक्त शून्यं जास्त.

म्हणून मला सॅन अँटोनिओचा मार्ग पटतो. आधी संघ काढा, भाड्याच्या मैदानावर खेळा. दहा वर्षं लोक येतात का ते बघा. नाही जमलं तर फी बंद करता येते, संघ बंद करता येतो. दुःख होतं, पण मोकळं होता येतं. जमलंच तर स्टेडियमसाठी शहराकडे आणि देणगीदारांकडे जा, आणि विद्यार्थ्यांच्या फीवर हप्ता लादू नका. आर्लिंग्टनने आधी मांडव घातला आणि मग वऱ्हाडच आलं नाही.

शेवटी आपल्यासाठी. आपल्याकडे कोणी फुटबॉलचं स्टेडियम बांधत नाही हे मला माहीत आहे. पण आपल्या फीच्या पावतीवरही जिमखाना नावाची एक ओळ असते. ती आपण कधी वाचली आहे का? मी परवा पहिल्यांदा वाचली, आणि संध्याकाळी जिमखान्यात जाऊन टेबल टेनिसची बॅट मागितली. रबर निघालेलं होतं, पण मिळाली. तुम्हीही जाऊन या. आपण पैसे भरतो, तर विचारायला काय हरकत आहे?

असो. सबमिशन तोंडावर आलंय, थांबतो.

— टी. ई. सिव्हिल