होडीचं मशीन नेमकं किती उंचीवर बसवायचं?

मैत्रिणींनो, खाडीत पर्यटकांना फिरवायला किंवा मासे आणायला आपल्यातले काही गट होडी वापरतात. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं छोटं मशीन घेतलं की आपण विचारतो, "किती हॉर्सपॉवरचं?" ते फळीवर किती उंच बसलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या गटाला हे चुकीतूनच शिकायला मिळालं.

आमची मागची फळी कुजली होती. सुताराने नवी बसवली, पण मजबुतीसाठी दोन इंच उंच ठेवली. आम्हालाही बरंच वाटलं. पण पहिल्याच फेरीला पर्यटक पुढे सरकून बसले आणि मशीन नुसतं ओरडायला लागलं. आवाज मोठा, होडी जागच्या जागी! थंडाव्याच्या पाण्याची धारही तुटक यायला लागली. काठावरचे म्हणाले, "बायकांना मशीन जमायचं नाही." आम्हीही मशीन खराब निघालं असं समजून ते परत द्यायला निघालो होतो. कर्जाचा हप्ता तर डोक्यावरच होता.

असं का झालं?

पंख्याच्या थोडं वर एक आडवी, सपाट पट्टी असते. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये, हे तिचं काम. मशीन उंच बसलं की ही पट्टी वर राहते आणि पंखा पाण्याऐवजी हवा कापतो. होडीच्या पुढच्या बाजूला वजन गेलं की मागची बाजू उचलते, मग त्रास आणखी वाढतो. मशीन थंड ठेवणारं पाणीही खालच्या भागातूनच आत जातं. तिथे हवा गेली तर मशीन तापून जळू शकतं.

मशीन फार खाली बसलं तरी नुकसानच. ते पाण्याला जास्त अडतं, पेट्रोल जास्त जातं आणि ओहोटीला पंखा वाळूला, दगडाला लागतो.

माप कसं घ्यायचं?

१. होडी काठावर सपाट जागी घ्या. मशीन बंद करा, बंद करायच्या दोरीची क्लिप काढून ठेवा.
२. मशीन बसतं तिथे, फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत सरळ खाली मोजा. आखूड दांड्याचं मशीन साधारण १५ इंच फळीसाठी असतं, लांब दांड्याचं २० इंचांसाठी. खरेदीला जाताना हे माप लिहून न्या.
३. मशीन पूर्ण खाली, उभं सरळ ठेवा. एक सरळ लाकडी पट्टी तळाला चिकटवून मागे मशीनपर्यंत न्या.
४. मशीनची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली एक इंचापर्यंत असावी. वर नको.

आमची फळी १७ इंच भरली आणि मशीन आखूड दांड्याचं! आडवी पट्टी तळाच्या दोन इंच वर होती. सुताराकडून मशीनपुरती अडीच इंच खाच पाडून घेतली, तेव्हा ती तळाच्या अर्धा इंच खाली आली. मशीन खाली बसत असेल तर उलट करायचं. फळीवर मजबूत लाकडी पट्टी बसवून ते उचलायचं. एका वेळी अर्धा इंचच बदल करा.

पाण्यात तपासणी

नेहमीइतकी माणसं बसवून शांत पाण्यात चालवा. वळताना मशीन ओरडतं का, पाण्याची धार एकसारखी येते का, बघा. धार थांबली तर मशीन लगेच बंद करा. दोन्ही स्क्रू दर फेरीआधी आवळा, मशीनला वेगळी सुरक्षा दोरी बांधा. बंद करायची दोरी चालवणारीच्या मनगटाला हवीच. लाइफ जॅकेट सगळ्यांना.

खाच पाडल्यावर तेच मशीन, तीच होडी, पण निमूट चालली. मशीन खराब नव्हतं आणि आम्हीही कमी नव्हतो. फक्त माप चुकलं होतं.

पुढच्या बैठकीसाठी: आपल्या होडीच्या फळीचं माप दोघींनी मिळून घ्या आणि गटाच्या वहीत लिहा. फळी दुरुस्त केली किंवा मशीन बदललं की पुन्हा मोजा.