शाफ्ट बदलतेस? मग ऐक

अगं, वळताना पुढच्या चाकातून कटकट येते म्हणालीस, तेव्हाच मला ड्राइव्ह शाफ्टचा संशय आला. पण लगेच सुटा भाग आणायला धावू नकोस. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फेरी मार, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग चाकामागे टॉर्च मारून बघ. शाफ्टच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटून रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर शंकाच नको. चाकाकडच्या, बाहेरच्या जॉइंटमध्ये बहुतेक सहा पोलादी गोळ्या असतात. ग्रीस गेलं आणि माती-पाणी शिरलं, की त्या ज्या खाचांमधून फिरतात त्याच खायला लागतात. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून भागत नाही गं. नवा शाफ्ट घेताना बाजू सांग. डावा आणि उजवा शाफ्ट सहसा सारखे नसतात.

खरी परीक्षा चाकाच्या मधल्या मोठ्या नटाची. तो गाडी चाकांवर उभी असतानाच सैल कर, दादाला ब्रेक दाबून बसव. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल, तर ती आधी छिन्नीने उचल. लांब पाना घे आणि अंगाचं वजन टाक. हे काम ताकदीचं नाही, क्रमाचं आहे.

आणि बाई, जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जायचं नाही! खाली स्टँड हवाच, मागच्या चाकांना दगड हवेत. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

गिअर ऑइल काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघ. तो गंजून अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसशील. खालचा बॉल जॉइंट सोडवलास की हब बाहेर ओढता येतो, पण ब्रेकच्या होजला ताण देऊ नकोस. शाफ्ट धरून हिसके मारलेस तर आतला जॉइंट बूटमध्येच सुटेल. गिअरबॉक्सजवळ पहार लावून हलकेच उचक. नवा सरकवताना ऑइल सीलच्या ओठाला दाते लागू देऊ नकोस, आणि आतली रिंग टक्कन बसल्याचं हाताला कळू दे.

नट नवाच लाव. मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळ, अंदाजाने नको. बेअरिंगचं आयुष्य त्यावर असतं. ऑइल भरून त्याच मैदानात फेरी मार. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेव. सकाळी त्यावर थेंब दिसला तर मला लगेच फोन कर.