दप्तराविना दहा दिवस आणि शिक्षकाची पूर्वतयारी

शिक्षण हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, असा ठराव १९३७ साली वर्धा येथील परिषदेत झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. मात्र शिक्षकाने स्वतः रंधा कधी हाती धरला नसेल, तर या दिवसांची केवळ सहल होते. म्हणून त्याने आधी चार दिवस सुतारशाळेत बसावे. गुण्याने काटकोन पाहावा. रेषेच्या उलट रंधा चालविल्यास लाकडाचे तंतू कसे उपटतात, हे हातानेच अनुभवावे. (कारागिरास गुरुजी म्हणण्याचा संकोच कशाला?) पटाशीच्या धारेपुढे दुसरा हात येऊ नये, हे त्यास अंगवळणी पडले तरच तो मुलांवर नजर ठेवू शकेल. मुलींनाही पटाशी द्यावी; त्यांना शिवणकामाकडेच वळविण्याचे कारण नाही.