छप्पर गेलं, मंडळी राहिली

आजचं वाचन : १ पेत्र २:४-५

अंधेरीच्या सीप्झमध्ये आयटी कंपन्यांच्या मधोमध एका चर्चचे अवशेष आहेत. कोंडिविटे गावातलं हे संत योहान बाप्तिस्ता चर्च येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ मध्ये बांधलं. १८४० मध्ये साथ आली, लोक मरोळला गेले, चर्च ओस पडलं. आज छप्पर नाही, नुसत्या भिंती. पण मरोळला उपासना चालूच राहिली.

पेत्राचं पत्रही विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांनाच आहे. त्यांना तो जिवंत धोंडे म्हणतो. आणि एकट्या धोंड्याची भिंत होत नाही.

सावेडीहून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेले माझे कितीतरी मित्र म्हणतात, "माझं चर्च नगरला आहे." नाताळला ते येतात, एरवी रविवारची उपासना मोबाईलवर. पण तिकडे आजारी पडलं, तर दार वाजवणारं मंडळीतलं कुणीच नसतं.

म्हणून या रविवारी राहता तिथल्या मंडळीत जा. उपासना संपल्यावर लगेच निघू नका, एकाशी तरी ओळख करून घ्या.

प्रार्थना : प्रभू, तू मला जिथे ठेवलंस, तिथल्या तुझ्या घराच्या भिंतीत मला बसव. आमेन.